मुक्त सॉफ्टवेअर : तपासणीचा भार कोणावर?

मार्च २०२५ मध्ये फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाला आपला सारा पसारा नव्या जागी हलवावा लागला. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या मेसा, वेलँड आदी आज्ञावलींची घडण याच प्रकल्पाच्या सर्व्हरांवर होते. हे सर्व्हर इक्विनिक्स या कंपनीने विनामूल्य दिले होते. कंपनीने ती सेवाच गुंडाळण्याचे ठरवले आणि प्रकल्पाला एप्रिलअखेरची मुदत मिळाली. अल्पाइन लिनक्सवरही त्याच सुमारास हीच पाळी आली. कंपनीने विश्वासघात केला, असे म्हणता येणार नाही. चालू असलेले दान तिने थांबवले, इतकेच. परंतु जगाच्या नित्य व्यवहारातील एक आवश्यक काम दात्याच्या मर्जीवर किती काळ सोपवायचे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

हे काम कोणते, ते समजून घेतले पाहिजे. मुक्तस्रोत प्रकल्पात देशोदेशीचे लोक रोज बदल सुचवतात. प्रत्येक बदल स्वीकारण्यापूर्वी आज्ञावली नव्याने बांधावी लागते, निरनिराळ्या यंत्रांवर चालवून पाहावी लागते आणि काल चालत होते ते आज बिघडले नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. बदल दाखल होताच सर्व्हर हे सारे आपोआप करतात. त्यालाच ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात. मेसासारख्या प्रकल्पात तर प्रत्यक्ष वेगवेगळ्या चिपांवर चाचण्या घ्याव्या लागतात व त्यासाठी यंत्रांच्या रांगा सदैव सज्ज ठेवाव्या लागतात. आज्ञावली लिहिणाऱ्याचे नाव नोंदले जाते. ही यंत्रे चालती ठेवणाऱ्याची आठवण ती बंद पडल्यावरच होते.

खर्चाचा इशारा पूर्वीच मिळाला होता. फ्रीडेस्कटॉपचा आर्थिक भार वाहणाऱ्या एक्स.ऑर्ग फाउंडेशनने फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केले की, वर्षाचा खर्च सुमारे ७५ हजार डॉलरवर जात असून मदत न मिळाल्यास ही स्वयंचलित तपासणी बंद करावी लागेल. बांधलेल्या फायली साठवणे आणि चाचणी घेणाऱ्या यंत्रांकडे पुनःपुन्हा पाठवणे, यातच बहुतेक पैसा जात होता. म्हणजे तपासणी जितकी काटेकोर, तितके बिल मोठे. प्रकल्पाचे उत्पन्न मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रॅव्हिस सीआय या सेवेने मुक्त प्रकल्पांना दिलेली विनामूल्य सवलत आखडती घेतली. असंख्य प्रकल्पांना आपली व्यवस्था दुसरीकडे न्यावी लागली आणि त्यांतील अनेकांनी मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या गिटहबचा आश्रय घेतला. एका दात्याकडून दुसऱ्या दात्याकडे जाण्याने परावलंबन संपत नाही.

केवळ यंत्रे मिळाल्याने भागते, असेही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली संक्षिप्त करणाऱ्या आज्ञावलीत एक चोरवाट उघडकीस आली. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींतच दडवलेला होता आणि बांधणीच्या सूचना त्याला आत जोडून घेत होत्या. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पिच्छा पुरवला, म्हणून हा डाव फसला. कोणत्याही स्वयंचलित चाचणीने तो पकडला नव्हता. बांधणी आणि तपासणीची व्यवस्था हीच शत्रूची वाट ठरू शकते. तिच्यावर जाणत्या माणसांचे लक्ष हवे आणि त्या माणसांना वेतन हवे.

स्वेच्छेने उभ्या राहिलेल्या चळवळीत पैशाचा प्रवेश झाला, की तिचे स्वातंत्र्य धोक्यात येते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण एकाच दात्यावरील अवलंबन हा त्याहून मोठा धोका आहे. ओरेगॉन राज्य विद्यापीठाची ओपन सोर्स लॅब २००३ पासून मुक्त प्रकल्पांना सर्व्हर पुरवते व ते सांभाळण्याचे काम विद्यार्थ्यांना शिकवते. २०२५ मध्ये अडीच लाख डॉलरच्या तुटीमुळे तीही बंद पडण्याच्या बेतात होती. आवाहनानंतर मदत मिळाली म्हणून ती तगली. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा पायाभूत कामासाठी स्वतंत्र निधी उभारला, ही अधिक टिकाऊ वाट होय.

भारत सरकारने २०१५ च्या धोरणात सरकारी संगणक व्यवस्थांसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले. परवान्याचा खर्च वाचतो, हा त्याचा उघड लाभ. वाचलेल्या रकमेचा काही अंश तपासणीच्या व्यवस्थेकडे वळवण्याची जबाबदारीही त्याबरोबर येते. झिरोधा या बंगळूरच्या कंपनीने २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तथापि एका कंपनीचे औदार्य हे सार्वजनिक धोरणाची जागा घेऊ शकत नाही. सरकारी खात्यांनी अंदाजपत्रकात यासाठी नियमित तरतूद करावी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ओरेगॉनप्रमाणे हे काम अभ्यासक्रमात आणावे. तसे झाले नाही, तर सॉफ्टवेअर फुकट मिळत राहील. त्याच्या विश्वासार्हतेची हमी मात्र कोणी देणार नाही.