लूपच्या विवर्धकाची पारख

सक्रिय लूप अँटेना म्हणजे जिच्या पायथ्याशीच विवर्धक, अर्थात अ‍ॅम्प्लिफायर, बसवलेला असतो अशी तारेची किंवा नळीची कडी. ती घरी बांधणारे हौशी विवर्धक निवडताना सहसा आधी त्याचा लाभ, म्हणजे गेन, पाहतात आणि मालवणच्या किनाऱ्यावर नेमके तेच अंगाशी येते.

एसीच्या जोडणीत वापरतात तसली सुमारे १० मिलिमीटर जाडीची तांब्याची नळी वाकवून केलेल्या १ मीटर व्यासाच्या कडीचा इंडक्टन्स ३ मायक्रोहेन्रीच्या आसपास भरतो, त्यामुळे तिचा विरोध १ मेगाहर्ट्झला १८-१९ ओहम, तर १० मेगाहर्ट्झला त्याच्या दहापट असतो. कडीत उत्पन्न होणारे व्होल्टेजही वारंवारतेच्या त्याच प्रमाणात वाढते, म्हणून विवर्धकाचा इनपुट इम्पिडन्स काही ओहमांपुरता ठेवल्यास कडीतला प्रवाह सर्व पट्ट्यांवर जवळपास सारखा राहतो. हे काम कॉमन-बेस जोडणीतला ट्रान्झिस्टर करतो. मोठ्या इनपुट इम्पिडन्सचा जेएफईटी (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर) मात्र ट्यून केलेल्या लूपसाठीच राखावा.

मालवण हे आकाशवाणीच्या पणजी (१२८७ किलोहर्ट्झ) आणि रत्नागिरी (११४३ किलोहर्ट्झ) या केंद्रांच्या दरम्यान पडते. विवर्धक या दोन्ही संकेतांखाली दबला, की त्यांच्या मिश्रणातून २४३०, १४३१ आणि ९९९ किलोहर्ट्झवर भुताटकीची केंद्रे उमटतात. पुश-पुल रचना यांपैकी पहिले बहुतांशी मारते. उरलेल्या दोघांसाठी टू-एन-५१०९ सारखा दणकट ट्रान्झिस्टर भरपूर स्थिर प्रवाहावर चालवण्यावाचून गत्यंतर नाही. वळवाच्या दिवसांत सह्याद्रीवर कडाडणाऱ्या विजांची खरखर मध्यम लहरींवर इतकी असते, की विवर्धकाचा स्वतःचा गोंगाट थोडा कमी-जास्त असल्याने काहीच बिघडत नाही. शिवाय ही दोन्ही केंद्रे मालवणहून जवळजवळ एकाच सरळ रेषेवर येतात, त्यामुळे कडीची एक कड समुद्राकडे, किंचित नैर्ऋत्येला झुकवून ठेवली, तर दोघांचाही जोर एकदम उतरतो. किनाऱ्यावरच्या हौशींना लाभलेली ही सोय फुकट घालवू नये. खाऱ्या हवेत नळीचे सांधे मात्र डाग देऊनच जोडावेत.

निवडीची कसोटी भर दुपारी घ्यावी, कारण रात्री दूरची केंद्रे येऊन गोंधळ होतो. १४३१ वर आवाज आलाच, तर विवर्धक आणि रिसीव्हर यांच्यामध्ये १० डेसिबेलचा अ‍ॅटेन्युएटर घालावा: भूत ३० डेसिबेलने उतरले तर दोष रिसीव्हरचा, १० नेच उतरले तर विवर्धकाचा, आणि तो, लाभ कितीही असो, बदलावा.