जयपूर तिरपे दिसते, दोष कुणाचा?



सुट्टीत जयपूरला जायचे ठरले, तिकिटे काढून झाली, की हल्ली घरोघरी एक नवा कार्यक्रम होतो. मुले लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडतात आणि आजी-आजोबांना हवामहल, जंतरमंतर, आमेरचा किल्ला घरबसल्या दाखवू लागतात. नेमके तेव्हाच पडद्यावर काहीतरी बिनसते. जलमहालाच्या तलावाजागी काळा चौकोन येतो, नाहरगडाच्या डोंगरातून एखादा सुळका थेट आभाळात जातो, माउस हलवला की रस्ते फरफटत मागे येतात. कुणीतरी म्हणते, “लॅपटॉप गेला वाटतं.” मग दुकान, तिथे ‘ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल’ हे ठरलेले वाक्य आणि काही हजारांचा खर्च.

दुकानाची पायरी चढण्याआधी अर्धा तास स्वतःसाठी ठेवा. अशा बऱ्याच तक्रारी घरीच मिटतात. फक्त दुरुस्तीला हात घालण्याआधी दोष कुठे आहे ते शोधायचे. जागा चारच आहेत: मूळ चित्र, नेट, ग्राफिक्स आणि पडदा.

आधी मूळ चित्र तपासा

जयपूरचे जुने शहर वरून पाहिले की अनेकांना वाटते, नकाशा फिरला आहे. सूरजपोलपासून चांदपोलपर्यंत जाणारा सरळ रस्ता आडवा न दिसता तिरपा दिसतो. गूगल अर्थमध्ये ‘एन’चे बटण दाबा, उत्तर दिशा बरोबर वर येईल. तरीही रस्ता तिरपाच राहील, कारण तो खरोखरच तसा आहे. १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी वसवलेल्या या शहराची आखणी पूर्व-पश्चिम रेषेपासून सुमारे १५ अंश कललेली आहे. आखणी नऊ चौकांची असली तरी वायव्येच्या कोपऱ्यात डोंगर आडवा आला, म्हणून तिथला चौक आग्नेय बाजूला सरकवावा लागला. तेव्हा चौकट अपुरी दिसली, तर संगणकाला बोल लावू नका.

असेच आणखी काही खोटे दोष असतात. डोंगराचा अर्धा भाग तपकिरी आणि अर्धा हिरवा दिसला, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ असली, तर तो दोन वेगवेगळ्या दिवशी टिपलेल्या उपग्रहचित्रांचा जोड असतो. अरवलीचे डोंगर मे महिन्यात कोरडे आणि पावसानंतर हिरवे असतात, त्यामुळे हा जोड इथे चटकन डोळ्यांत भरतो. विमानाशेजारी त्याच्याच लाल, हिरव्या, निळ्या सावल्या दिसल्या तर घाबरू नका. काही उपग्रह प्रत्येक रंग क्षणभराच्या अंतराने टिपतात आणि तेवढ्यात विमान पुढे सरकलेले असते. आमेरची तटबंदी डोंगरावर रंगवल्यासारखी चपटी दिसते, कारण वरून घेतलेले छायाचित्र उंचसखल जमिनीवर चादरीसारखे पसरलेले असते.

खात्री करायची असेल तर गूगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करून जुन्या तारखेचे चित्र पाहा. किंवा तीच जागा इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशात उघडा. तिथे सारे ठीक असेल, तर तुमचा लॅपटॉप बहुधा निर्दोष आहे.

मग नेट

नकाशा एकसंध दिसला तरी तो लहान लहान चौकोनी तुकड्यांत येतो. या तुकड्यांना टाइल्स म्हणतात. काही चौकोन करडे किंवा धूसर राहून हळूहळू भरत असतील, तर तो नेटचा वेग आहे. पण भरपूर नेट असूनही तेच चौकोन रोज काळे राहत असतील, तर संगणकात साठलेले जुने तुकडे खराब झाले असावेत. गूगल अर्थ प्रोमध्ये ‘हेल्प’ मेनूत ‘लाँच रिपेअर टूल’ आहे. छोटी खिडकी उघडली की मुख्य प्रोग्राम बंद करा आणि ‘क्लिअर डिस्क कॅश’ निवडा. तुम्ही खुणा करून ठेवलेल्या जागांची यादी या साठ्यात नसते, ती वेगळी असते.

ग्राफिक्सची पाळी

चित्र लुकलुकत असेल, रंगीत त्रिकोण उमटत असतील, जमिनीतून सुळके निघत असतील किंवा सगळाच पडदा काळा असेल, तर चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक्सकडे वळा. पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा आणि प्रत्येकीनंतर नकाशा पाहा. एकदम सगळे बदलले, तर गुण कशाने आला हे कळणार नाही.

१. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबा. पडदा क्षणभर काळा होऊन ग्राफिक्स नव्याने सुरू होते. उघडी कामे बंद होत नाहीत, तरी आधी सेव्ह केलेले बरे.

२. त्याच रिपेअर टूलमध्ये ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स यांची अदलाबदल करा. चित्र काढण्याच्या या दोन पद्धती आहेत. जुन्या लॅपटॉपला बरेचदा त्यातली एकच मानवते.

३. डोंगर भलतेच उंच दिसत असतील तर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘थ्रीडी व्ह्यू’मध्ये ‘एलिव्हेशन एक्झॅजरेशन’ पाहा. तो आकडा १ हवा. ३ असेल तर नाहरगडही हिमालयासारखा भासेल.

४. ब्राउझरमध्ये नकाशा बिघडत असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’खाली ‘ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन’ आहे. ते बंद करून ब्राउझर पुन्हा उघडा. दोष गेला, तर बिघाड ड्रायव्हरचा असण्याची शक्यता मोठी.

५. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ उघडा. तिथे फक्त ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ असे नाव असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चालू नाही. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा इंटेल, एनव्हीडिया, एएमडी यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. ‘तुमचे ड्रायव्हर जुने झाले आहेत, इथे क्लिक करा’ अशा जाहिरातींवर बोट ठेवू नका. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा, कारण फसवणुकीची सुरुवात अशाच एका क्लिकने होते.

आणखी एक साधी गोष्ट. पहिली पंधरा-वीस मिनिटे सगळे ठीक आणि मग चित्र बिघडते, असे होत असेल तर लॅपटॉपला हात लावून पाहा. त्रिमितीय नकाशा ग्राफिक्सला चांगलेच राबवतो. उन्हाळ्यात जयपूरचा पारा चाळिशीपार जातो, आपल्या विदर्भातही तेच. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की हवेची छिद्रे बुजतात. टेबलावर ठेवा, धूळ साफ करून घ्या.

शेवटी पडदा

बिघडलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट काढा आणि तो फोनवर पाठवून तिथे पाहा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर दोष पडद्याचा किंवा केबलचा. स्क्रीनशॉटमध्येही रेघा असतील, तर दोष आतला. आणि लॅपटॉप सुरू होताना, विंडोज येण्याआधीच, कंपनीच्या चिन्हावरही रेघा दिसत असतील, पण दुसरा मॉनिटर जोडल्यावरही त्या जात नसतील, तर मात्र ग्राफिक्सचा भाग खरेच बिघडलेला असू शकतो. आता दुकानात जा आणि काय काय करून पाहिले ते कागदावर लिहून न्या. असा कागद समोर आला की ‘कार्ड बदलावं लागेल’ म्हणण्याआधी दुकानदारालाही कारण सांगावे लागते.

ही शिस्त जयपूरला नवी नाही. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात, म्हणून मापे चुकतात, हे सवाई जयसिंहांनी ओळखले आणि दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. जंतरमंतरातले सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. पुढे युरोपातून आलेली ला हीर यांची कोष्टके त्यांनी आकाशाशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक निघाला. चूक यंत्राची की कोष्टकाची, हे ठरवता आले ते आधी यंत्र पक्के करून घेतल्यामुळे.

जयपूरला निघण्याआधी जुन्या शहराचा नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवा. बाजारात नेट अडले तरी वाट अडणार नाही. आणि चांदपोलला उभे राहून पूर्वेकडे पाहाल तेव्हा मुलांना विचारा, “हा रस्ता नेमका पूर्वेला जातो का?” फोनमधले होकायंत्र उत्तर देईल.