काम संपले की घर

कल्याणात राहणाऱ्या फिरत्या माणसाची एक मोठी सोय आहे, ती म्हणजे कल्याण जंक्शन. इथून एक मार्ग कसाऱ्यावरून नाशिककडे जातो, दुसरा कर्जतवरून पुण्याकडे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही 34 किलोमीटरची पहिली गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. दुकानदारांच्या ऑर्डरी घेण्यासाठी आम्ही आठवड्यातून दोनदा ठाण्याला आणि महिन्यातून तीन-चारदा नाशिक-पुण्याला जातो.

या प्रवासाची सुखे लहान आहेत. डोंबिवलीला कुणीतरी उतरते आणि खिडकी मिळते. मुंब्र्याजवळ एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी दिसते. कर्जतला घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडेपर्यंत गरम बटाटावडा हातात पडतो. तो हलाल आहे का, हेही विचारावे लागत नाही! वैताग मात्र रोजचेच. ठाण्याला पोचावे तर शेठ बाहेर गेलेले. "उद्या या," असे नोकर सांगतो. जुने बिल तसेच अडकलेले.

नमाजचा प्रश्न आम्हाला अनेक जण विचारतात. कल्याण-ठाणे अंतर रेल्वेने 20 किलोमीटर, म्हणून तिथे नमाज पूर्णच पढायची. आपल्याकडचे हनफी उलमा सफरीसाठी साधारण 78 किलोमीटर अंतर धरतात. नाशिक आणि पुणे दोन्ही त्यापलीकडे आहेत. तिथे चार रकातींच्या फर्ज नमाजमध्ये कसर होते, म्हणजे दोनच पढायच्या. फजर आणि मगरिब तशाच राहतात. स्थानिक इमामामागे उभे राहिलो तर मात्र पूर्ण पढायची. पिशवीत जानमाज आणि वुजूपुरती पाण्याची बाटली असली की फलाटाचा कोपराही पुरतो.

पण सफरीचा खरा धडा आम्हाला घरात मिळाला. रमजानमध्ये धाकट्या मुलीचा पहिला रोजा होता. घरी रोजाकुशाईची तयारी होती आणि आम्ही नाशिकला. "मगरिबच्या आत येतो," असे सांगून निघालो होतो. काम जोहरलाच संपले. पण एक व्यापारी म्हणाले, "बसा हो, आणखी एक पार्टी येतेय." मोठ्या ऑर्डरीच्या आशेने आम्ही बसलो. पार्टी आली नाही. पुढची गाडी उशिरा सुटली आणि इफ्तारची वेळ इगतपुरीतच झाली. आमच्याकडे फक्त पाणी होते. समोरच्या मावशींनी न बोलता पिशवीतून दोन केळी काढून दिली. "आधी खाऊन घ्या, दिवसभराचा उपास आहे," म्हणाल्या. त्या केळ्यांची चव अजून आठवते.

घरी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मुलगी नवे कपडे न बदलताच झोपली होती. अब्बूंसाठी म्हणून तिने एक खजूर वाटीत झाकून ठेवला होता. पत्नीने ताट वाढले आणि एवढेच विचारले, "काम दुपारीच संपलं होतं ना?"

उत्तर आमच्याकडे नव्हते. सफरीत माणसाची झोप आणि खाणेपिणे अडते, म्हणून गरज भागताच घरच्यांकडे परतण्याची घाई करावी, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. लांबून परतणाऱ्याने रात्री न कळवता घरी येऊ नये, असेही सांगितले आहे. ही शिकवण आम्ही वर्षानुवर्षे ऐकली होती. बायको-मुलांच्या रोजीसाठीच फिरतो, असे म्हणत आम्ही ती आमच्यापुरती बाजूला ठेवली होती. रोजी देणारा अल्लाह आहे. ती जादा ऑर्डर नशिबात असती तर दुसऱ्या दिवशी फोनवरही आली असती.

आता काम संपले की आम्ही उठतो आणि घरी फोन करतो, "निघालो." पण ही घाई काम आवरण्यापुरतीच ठेवायची, गाडीत चढताना नाही. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. तेही कुणाचे अब्बू, कुणाचे बाबा असतील. ठाण्याला दारात लटकण्याइतकी गर्दी दिसली की आम्ही ती गाडी सोडतो आणि घरी पुन्हा कळवतो, "पुढच्या गाडीने येतो, इन्शाअल्लाह."