पावसाची सुट्टी मोबाईलवर भरून निघत नाही

जांबोटी, कणकुंबी भागातले पालक, एसडीएमसी (शाळा विकास आणि देखरेख समिती) सदस्य आणि शिक्षण खात्यातली जबाबदार मंडळी यांस,

हब्बनहट्टीचं मारुतीचं देऊळ मलप्रभेच्या पाण्यात गेलं की सुट्टीच्या आदेशाची वाट इथं कोणी बघत बसत नाही. ओढे भरलेले असतात, पोर घरी थांबतं. त्या सुट्टीबद्दल आमची तक्रार नाही. शाळेपायी कुणाच्या पोरानं पुराच्या पाण्यात पाय घालू नये. तक्रार आहे ती या सुट्टीवर सुचवल्या जाणाऱ्या उपायाबद्दल: शाळा बंद ठेवा, वर्ग मोबाईलवर घ्या आणि दिवस भरला म्हणून लिहा.

कुठल्या मोबाईलवर? ज्या वाऱ्यापावसानं शाळा बंद पडते, त्याच वाऱ्यापावसानं झाड तारेवर येतं. लाईट जाते आणि मागोमाग रेंजही. भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांची तर गोष्टच वेगळी. तिथं भर उन्हाळ्यातही रेंजसाठी टेकाड चढावं लागतं. बऱ्याच घरांत चांगला फोन एकच, आणि तो बापाच्या खिशात. बाप गोव्याला नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेत कामाला. फोन घरी राहिलाच तर तिसरीतल्यानं बघायचा की आठवीतलीनं? शिवाय आठवीतली घरी आहे म्हटल्यावर ती रोप लावणीला जाणार, हे आपण एकमेकांपासून कशाला लपवायचं?

13 फेब्रुवारी 2024 ला न्यूयॉर्कनं बर्फामुळे शाळा बंद ठेवून वर्ग ऑनलाईन घ्यायचं ठरवलं. सकाळी कित्येक मुलांना आणि शिक्षकांना लॉगिनच होईना. पैशाला कमी नसलेल्या शहराची ही कथा. दिल्लीत नोव्हेंबर 2024 मध्ये धुरक्यामुळे वर्ग ऑनलाईन गेले. पण धुरक्यानं तारा तुटत नाहीत. इथं हेस्कॉमचा लाईनमन रानातल्या पाण्यातून तुटलेली तार शोधत फिरत असतो, तेव्हा गुरुजींनी कुणाला लिंक पाठवायची?

याच सरकारी यंत्रणेनं कोरोनात वेगळा विचार करून दाखवला होता. जून 2020 मध्ये लहान वर्गांचे ऑनलाईन तास बंद करायचा निर्णय कर्नाटक सरकारनं घेतला. जुलैत उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. मग ऑगस्टमध्ये सरकारी शाळांसाठी विद्यागम आलं. गुरुजी गावात येऊन देवळात, झाडाखाली पोरांना गोळा करून शिकवू लागले. ते ऑक्टोबरमध्ये थांबवावं लागलं, कारण रोगाची साथ होती. पाऊस ही साथ नव्हे. शाळेच्याच गावात राहणारा शिक्षक आजही पावसात दहा पोरं घेऊन बसू शकतो. पण आमच्याकडचे बरेच शिक्षक बेळगाव-खानापूरहून येतात, आणि तो प्रश्न काढला की सगळे गप्प.

आता हिशोबाकडे या, कारण खरी मेख तिथंच आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास शाळा भरलीच पाहिजे. बंद राहिलेला दिवस बंद म्हणून लिहिला तर तो पुढं भरून द्यावा लागतो. ऑनलाईन म्हणून लिहिला की तो देण्याची गरजच उरत नाही. पोराला काहीच मिळालेलं नसतं, कागद मात्र पूर्ण! आणि तो कामाचा दिवस धरायचाच असेल तर 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार शाळेच्या सुट्ट्या सोडून रोज दुपारचं जेवण द्यायचं आहे. मग त्या दिवशीचा भात आणि सांबार आमच्या दारात कोण आणून देणार, तेही सांगा.

पाऊस वाढला की सगळ्या खानापूर तालुक्याला एकच आदेश येतो. इटगी, कक्केरीच्या काळ्या रानात पाऊस कणकुंबीच्या मानानं कितीतरी कमी, तरी तिथली शाळाही बंद. उलट कधी आदेश नसतो आणि आमच्याकडे ओढा उतरता येत नाही. म्हणून बंदचा निर्णय मुख्याध्यापक आणि एसडीएमसीनं गावच्या पाण्याकडे बघून घ्यावा. हिमाचलात बर्फाच्या भागातल्या शाळांचं वेळापत्रकच निराळं असतं, मोठी सुट्टी थंडीत. तर घाटमाथ्याच्या या पट्ट्याला जुलैत पंधरा दिवस सुट्टी आणि ते दिवस दसऱ्याच्या सुट्टीतून, शनिवारच्या अर्ध्या शाळेतून परत, असं का होऊ नये?

दहावीच्या मुलांना रेंज असेल तेव्हा शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर गणितं पाठवावीत, आम्ही आभारच मानू. पण ती शाळा म्हणून मोजू नयेत.

पालकहो, पुढच्या एसडीएमसी बैठकीला स्वतः जा. जून ते ऑगस्टमध्ये शाळा किती दिवस बंद होती आणि त्यातले किती कधी भरून दिले, हे हजेरीपटावरून विचारा. उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या, खाली मुख्याध्यापकांची सही घ्या आणि त्याची एक प्रत खानापूरला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोच घेऊन द्या.

जांबोटी परिसरातले पालक