झेरॉक्स द्या, दोन कॉप्या

'आयडेंटिटी थेफ्ट' हा शब्दच मला मान्य नाही. मुळात चोरी झाली कुणाची? कुणीतरी माझा पॅन नंबर आणि जन्मतारीख एका ॲपमध्ये टाकतो, ॲप त्याला कर्ज देतं, तो पसार. फसलं ॲप, पैसे गेले ॲपचे. पण वसुलीचे फोन मला, स्कोअर घसरला माझा, आणि 'हे कर्ज मी घेतलेलं नाही' हे सिद्ध करायला चपला झिजवायच्या त्याही मीच! वा रे न्याय.

आमच्या टीममधला एक जण गेले चार महिने याच चक्रात अडकलाय. कर्ज अकरा हजारांचं, पण त्यापायी त्याचं होम लोन लटकलंय. आणि हे आपल्यासारख्या पामरांचंच होतं असं नाही बरं का. २०२२ साली सनी लिओनीने जाहीर सांगितलं की तिच्या पॅनवर कुणीतरी २,००० रुपयांचं कर्ज उचललं, मग राजकुमार रावने, २,५०० रुपयांचं. अख्खा देश ज्यांना ओळखतो त्यांची ही गत, तर बाणेरच्या टेस्टरला कोण विचारतो?

यावर ठरलेला उपदेश काय? 'सावध राहा.' कसं राहायचं बुवा? घर भाड्याने घेताना एजंटला आधारची झेरॉक्स, सोसायटीच्या ऑफिसात एक, लोणावळ्याच्या हॉटेलात एक. आणि तो झेरॉक्सवाला! 'साहेब, व्हॉट्सॲपवर टाका, प्रिंट काढतो.' त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये अख्ख्या गल्लीचे आधार सुखाने नांदत असतात.

गंमत म्हणजे मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्याच बंगळूर कार्यालयाने पत्रक काढलं होतं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, त्याऐवजी मास्क्ड आधार द्या. चांगलं शहाणपणाचं होतं. दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. म्हणे लोकांचा गैरसमज होईल!

अहो, जो नंबर पन्नास जणांना दिलाय तो गुपित कसा? तो यूजरनेम आहे, पासवर्ड नव्हे. नंबर माहीत आहे म्हणजे माणूस तोच, असं धरून चालणारा कोड कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टमध्येसुद्धा नापास झाला असता. इथे त्यावर कर्जं वाटतात.

असो. सिस्टीम सुधारेपर्यंत आपलं आपण बघायचं. मास्क्ड आधारवर शेवटचे चारच आकडे दिसतात, शक्य तिथे तोच पुढे करा. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं 'फक्त भाडेकरारासाठी' आणि तारीख लिहा. समोरचा तोंड वाकडं करेल, करू दे. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीवर दिसतं. आणि सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क या चौघांनाही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी एकेकाचा मागवलात की वर्ष कव्हर होतं.

आणि झालंच तर? खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, चहा नंतर. मग बँक, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी ॲक्टच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पोलीस चौकीत टोलवाटोलवी झाली तर हे कलम सांगा. बोगस कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याला आणि क्रेडिट ब्युरोला, दोघांनाही लेखी कळवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झालाय. किती जणांनी मागितली असेल? मागा. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तिथे तक्रार फुकट होते.

वसुलीवाला गोड बोलून 'थोडे भरा, सेटल करून टाकू' म्हणेल, तेव्हा एक पैसा देऊ नका. भरलेत की कर्ज तुमचंच होतं असं म्हणायला त्यांना जागा मिळते, वर रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा बसतो तो वेगळाच.