पोरगी इथं, नाव तिथं



ज्वारीवर लेव्ही होती ते दिवस आपल्यातल्या जुन्या माणसांना आठवत असतील. आपल्याच शेतातली ज्वारी लेकीच्या सासरी पोचवायची तर नाक्यावर शिपाई उभा. पुढे १९७२ साली कापसाला एकाधिकार आला. पलीकडच्या राज्यात भाव जास्त आहे हे डोळ्यांना दिसायचे, पण आपला कापूस सीमा ओलांडू शकत नव्हता. आपल्यातल्या कित्येकांनी रात्रीच्या अंधारात गाड्या हाकल्या. ज्वारीची जिल्हाबंदी गेली. एकाधिकारही गेला. पण नाका काही गेला नाही. आता त्या नाक्यावर अडतंय ते शाळेच्या हजेरीपटावरचं आपल्या लेकराचं नाव.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या एका कास्तकाराची हकीकत सांगतो. साडेतीन एकर कोरडवाहू पऱ्हाटी आणि घरच्या खाण्यापुरती ज्वारी, तीही रानडुकरांनी ठेवली तर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, १९ तारखेपासून, दिल्लीने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात येतो नेमका तेवढाच काळ! त्याच आठवड्यात पोळा होता. पोळा झाला, गड्याने बैलजोडी विकली, देणेकऱ्याचे तोंड बंद केले, उभी पऱ्हाटी म्हाताऱ्या बापाच्या भरवशावर टाकली आणि बायको, तिसरीतली पोरगी, दोन वर्षांचं पोरगं घेऊन पुण्याकडच्या एका औद्योगिक वसाहतीत रखवालदार म्हणून गेला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो पोरीला घेऊन तिथल्या सरकारी शाळेत गेला. 'दाखला आणा.' त्याने गावाकडे फोन लावला. गावचे गुरुजी म्हणाले, 'तिकडच्या शाळेचं मागणीपत्र पाठवा, मग दाखला देतो.' तो परत नव्या शाळेत. 'आधी दाखला, मग मागणीपत्र.' दोन्हीकडे बोलणं अगदी गोड. मग भाड्याच्या खोलीचा करार मागितला. खोली दहा बाय दहाची पत्र्याची, मालक कसला करार करून देतो? मग आधारवर पत्ता यवतमाळचा का, म्हणून विचारलं. शेवटी सांगितलं, 'वर्ग भरलाय, दिवाळीनंतर बघू.' प्रत्येक खेपेला एक हजेरी बुडाली, म्हणजे एका दिवसाचा रोज गेला. त्याने मला फोन केला तेव्हा एकच वाक्य बोलला: 'भाऊ, पोरगी इथं हाये अन् नाव तिथं हाये.'

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोरीला जागा मिळाली. पावणेतीन महिने ती पत्र्याच्या खोलीत धाकट्या भावाला सांभाळत होती, कारण माय जवळच्या सोसायटीत धुणीभांडी करायला जाऊ लागली होती. वर्गात बसवलं तेव्हा तिसरीची पोरगी दुसरीच्या पुस्तकातली जोडाक्षरं अडखळत वाचत होती. बाईंनी तिला मागच्या ओळीत बसवलं. पुढे कधीतरी कोणी साहेब पाहणी करून लिहील की खेड्यातल्या शाळेतून आलेली मुलं कच्ची असतात. ती कच्ची कुठे राहिली, गावात की नाक्यावर, हे त्या कागदात येणार नाही.

आता गावच्या गुरुजींनी नाव का धरून ठेवलं ते पाहा. माणूस वाईट नाही. आमच्या शाळेचा पट तेवीस. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरतं. त्यातही आधार जुळलेली मुलंच मोजतात. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हापासून लहान शाळांचे गुरुजी बोटावर पोरं मोजत बसतात. एक घर गाव सोडून गेलं की पट तेवीसचा बावीस, दोन घरं गेली की वीस. अशा वेळी सप्टेंबरात दाखला देणं म्हणजे गुरुजींनी आपल्याच शाळेच्या मुळावर कुऱ्हाड घालणं. संगणकातल्या यादीत एका मुलाचं नाव एकाच शाळेत राहतं, जुन्या शाळेने सोडल्याशिवाय नव्या शाळेला ते घेता येत नाही. तेव्हा पोरगी पुण्याकडे आणि तिची हजेरी यवतमाळला! खात्याच्या कागदावर ती शाळेत होती. 'शाळाबाह्य मुले' मोजायला कोणी आलं असतं तरी ती त्यात सापडली नसती.

गंमत पाहा. कापसाचा भाव पाडून गाव रिकामं करायचं. गाव रिकामं झालं की पट कमी म्हणून शाळा बंद करायला निघायचं. आणि ज्या शहराकडे आपल्याला ढकललं, तिथे वर्ग भरला म्हणून दार लावायचं. तिन्ही ठिकाणी कागद सरकारचाच, सही सरकारचीच.

वर्ग भरला हे कारण कायद्यात आहे तरी का? २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यायचं आहे. कलम ५ सांगतं की मुलाला शाळा बदलायची असेल, परराज्यात जायचं असेल तरीसुद्धा, मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब दिला पाहिजे. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, नाकारता येत नाही. आणि दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवायचं नाही. कलम १५ म्हणतं, मुदत संपल्यावर आलं तरी घ्यायचं. कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कामं लिहिली आहेत, त्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं, हे काम स्वच्छ शब्दांत आहे. आधार नाही म्हणून शाळेचा प्रवेश अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं. आणि प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कायद्याने घातलं ते सरकारवर. मुलं जास्त झाली तर शिक्षक वाढवा. पोरीने पटाबाहेर थांबावं असं त्यात कुठेच नाही.

म्हणजे आमच्या कास्तकाराकडून जो जो कागद मागितला, त्यातल्या एकाही कागदावाचून पोरीला बाहेर ठेवता येत नव्हतं. हे ना त्याला माहीत होतं ना मला. शाळेला मात्र माहीत असायला हवं होतं.

तक्रारीची सोय आहे, कलम ३२. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्यायचा, निकाल तीन महिन्यांत. तीन महिने! तेवढ्यात आमच्या पोरीचं पहिलं सत्र संपून दिवाळीची सुट्टीही झाली असती. साहेबाची बदली झाली की त्याच्या मुलांनाही नव्या गावी वर्गाच्या दारात तीन महिने उभं करा, मग पाहू मुदत किती दिवसांवर येते.

कोणी म्हणेल, खाजगी शाळेत गरिबांसाठी २५ टक्के जागा आहेत, तिथे जायचं होतं. त्या जागा पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेशाच्या वेळी मिळतात. तिसरीतल्या पोरीला तिथे दारच नाही. पहिलीतलं मूल असतं तरी अर्ज ठराविक मुदतीत संगणकावर भरायचा, नोंदणी केलेला भाडेकरार जोडायचा, घरापासून शाळेचं अंतर दाखवायचं आणि सोडतीची वाट पाहायची. भाद्रपदात गाव सोडणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक कसं जुळावं? त्यातही फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिचाही अनुभव मराठवाड्यातल्या भावांनी सांगावा. टोळ्या निघतात दिवाळीच्या सुमारास, वसतिगृह सुरू होतं केव्हा, आणि तोवर लेकरं कुठल्या फडावर असतात, ते या पानावर यायला हवं.

आपल्यातलेच काही जण म्हणतील, शाळा हा आपला विषय नाही, आपला विषय भावाचा. मी स्वतः कित्येक वर्षं हेच बोलत आलो. भाव मिळाला तर कास्तकार गाव कशाला सोडेल, हे खरंच आहे. पण जो गेला तो काय आपला राहिला नाही? सातबारा अजून त्याच्या नावावर आहे, सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर आहे, बाप अजून पऱ्हाटी वेचतो आहे. शेतीमालाला आणि शेतकऱ्याला हिंडण्याची मोकळीक पाहिजे, असं आपण बाजाराबद्दल म्हणतो, तेच शाळेबद्दल म्हणायला काय हरकत? आज सरकारचा पैसा, शिक्षक, वर्ग सगळं ३० सप्टेंबरच्या पटाला खुंटीने बांधलेलं आहे. पोरगी हलली तरी खुंटी हलत नाही. शिक्षकाची जागा पोरीमागे गेली पाहिजे, आणि ज्या गावाची पोरं भाव पडल्यामुळे गेली त्या गावची शाळा निदान पाच वर्षं पटावरून मोडता कामा नये, अशी माझी मागणी आहे. यात पहिल्या भागाने दुसऱ्याला धक्का बसतो हे मला कळतं. त्यावर मेळाव्यात भांडू.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी होती. देशभर हक्काचा कायदा यायला सव्वाशेवर वर्षं गेली. रयतेकडून आजही घेतच आहेत. फवारणीच्या रासायनिक औषधावर १८ टक्के जीएसटी भरताना कोणी आपल्याला विचारत नाही की तुमचा पत्ता कायमचा आहे की तात्पुरता.

आता कामाचं. ज्यांचे भाऊ, पुतणे, शेजारी गाव सोडून गेले आहेत त्यांनी फोन करून सांगावं: शाळेने तोंडी नाही म्हटलं तर निघून येऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: मुलाचं नाव, वय, इयत्ता, आधीची शाळा, आणि 'कलम ५ प्रमाणे दाखल्याची वाट न पाहता आज वर्गात बसवावे'. दोन प्रती करा. एका प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. घेत नसतील तर 'घेत नाही' असं लेखी मागा. आमच्या कास्तकाराकडे पावणेतीन महिन्यांच्या खेपांचा एकही कागद नाही, त्यामुळे आज त्याची तक्रारही उभी राहत नाही.

आणि जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एक यादी आणावी. गेल्या दोन हंगामांत किती घरं गेली, त्यात शाळेच्या वयाची लेकरं किती, ती कुठे आहेत, कोणत्या तारखेला गेली आणि वर्गात कोणत्या तारखेला बसली. दोन तारखांमधले दिवस मोजून लिहा. नाव अजून गावच्याच पटावर असेल तर तेही लिहा, गुरुजींना न घाबरवता. आमच्या गावची यादी मी करतो आहे. पहिल्या ओळीत तिसरीतली पोरगी आहे. दुसऱ्या ओळीतलं पोरगं बुटीबोरीकडे गेलं, पोळ्यापासून. त्याच्या बसल्याची तारीख अजून मिळालेली नाही.