पहाटेची खडखड

गेल्या डिसेंबरात भोर तालुक्यातील शिवरे येथील एका स्नेह्यांचा दूरध्वनी आला. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याज किती बुडते, असा त्यांचा प्रश्न होता. निवृत्त झालो तरी असे प्रश्न येतच असतात. ठेव लेकीच्या शिक्षणासाठी होती हे ठाऊक असल्याने हिशेब सांगण्यापूर्वी मी कारण विचारले. कारण निघाले शेतावरची जुनी डिझेल जीप. थंडीत पहाटे सुरू केली की इंजिनातून चार-पाच सेकंद खडखड येई, मग सारे शांत. शहरातील एका गॅरेजमध्ये इंजिन खोलावे लागेल असे सांगून मोठा आकडा दिला गेला होता.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. यंत्राचे ज्ञान बेताचेच. परंतु तारण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही करू नये, ही नोकरीतील सवय सुटलेली नाही. शनिवारी मुक्कामालाच गेलो. पहाटे सहा वाजता गावातील एक तरुण फिटर आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "काका, रात्रीपासून कुणी चावी फिरवली नाही ना?" एकदा इंजिन सुरू झाले की आजारी माणूस औषध घेऊन तपासणीला आल्यासारखे होते, असे त्याचे म्हणणे. गॅरेजमध्ये जीप दुपारी, तापलेल्या अवस्थेत पाहिली गेली होती, हे तेव्हा लक्षात आले.

आवाज कधी थांबतो, यावर त्याचा सारा भर होता. थंड डिझेल इंजिन मिनिटभर टकटकते, ते स्वाभाविक. थंड सिलिंडरमध्ये इंधन पेटायला क्षणभर उशीर होतो आणि साठलेले एकदम पेटते. पिस्टन सैल असेल तर आवाज इंजिन तापेपर्यंत, म्हणजे काही मिनिटे रेंगाळतो. बेअरिंग झिजले असेल तर गाडी तापल्यावर ठोका उलट ठळक होतो. येथे मात्र खडखड सेकंदांत विरत होती, आणि नेमकी ऑइलचा लाल दिवा विझताच. डिपस्टिकवर पातळी ठीक होती. म्हणजे ऑइल होते, पण वर पोहोचायला उशीर होत होता.

त्याने त्या दिवशी जीप मुद्दामच चालवू दिली नाही. रविवारी पहाटे इंधनाचा पुरवठा तोडून इंजिन सुरू न होऊ देता स्टार्टर थोडा थोडा, मध्ये विश्रांती देत फिरवला. लाल दिवा विझला. मग पुरवठा जोडून चावी फिरवली. डिझेलची नेहमीची टकटक तेवढी ऐकू आली; खडखड नाही! स्नेह्यांच्या पत्नी ओसरीवरून म्हणाल्या, "आज गप्प कशी?"

दोष ऑइल फिल्टरचा असावा, असे त्याने सांगितले. या इंजिनात फिल्टर आडवा बसतो. इंजिन बंद असताना ऑइल खाली उतरू नये म्हणून फिल्टरच्या आत रबराची एक झडप असते. आधीच्या सर्व्हिसिंगला स्वस्तातला फिल्टर बसवला गेला होता. तो काढला तेव्हा जवळजवळ रिकामाच निघाला आणि आतले रबर लाकडासारखे कडक झालेले दिसले. रात्रभरात ऑइल चेंबरमध्ये उतरायचे. पहाटे पंप आधी फिल्टर भरायचा, तोवर वरचे टॅपेट आणि टायमिंग चेनचा ताण राखणारा दट्ट्या कोरडेच. लोखंड लोखंडावर आपटणार नाही तर काय होईल?

नवा योग्य फिल्टर आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे ऑइल घातले. सोमवारी पहाटे दिवा जवळजवळ लगेच विझला. पहिल्या क्षणी एक हलका टक् उरला होता. टॅपेट थोडे झिजले असतील, त्याकडे उन्हाळ्यात पाहू, असे तो म्हणाला. न सापडलेला दोष सापडला असे तो म्हणाला नाही, हे मला विशेष आवडले. शिवाय कोरड्या सुरुवाती महिनोन्महिने चालू राहिल्या असत्या, तर गॅरेजने सांगितलेला खर्च पुढे खराच ठरला असता.

फिल्टर, ऑइल आणि मजुरीचे पैसे स्नेह्यांनी घरातूनच काढून दिले. ठेवीची पावती मी त्यांच्या कपाटात परत ठेवायला लावली आणि चहा घेऊन पुण्याची एसटी पकडली.